माझ्या हातून

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. ओट्यावरून उचलताना चहाचा कप तुमच्या हातून निसटला आणि फुटला. आतल्या खोलीतून कुणी विचारलं, "काय झालं?", तर तुम्ही काय म्हणाल? "कप फुटला." फार तर, "माझ्या हातून कप फुटला." "मी कप फोडला" असं आपण सहसा म्हणत नाही. म्हटलंच, तर भांडणात आपटून फोडल्यासारखं वाटतं. आता हेच इंग्रजीत सांगून बघा. 'आय ब्रोक द कप.' इथला कुणीही हे वाक्य सहज बोलून जातो आणि ऐकणाऱ्याला त्यात भांडण दिसत नाही.

या एवढ्याशा फरकावरून गेल्या वर्षी माझ्याकडून एका माणसाचं नुकसान झालं. पाहा, लिहितानासुद्धा "माझ्याकडून झालं" असंच आलं. "मी केलं" लिहायला हात धजत नाही. तर ते कसं झालं ते सांगते, आणि त्यातून जो प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला आहे तोही तुमच्यापुढे ठेवते.

मी सिराक्यूजला राहते. न्यूयॉर्क राज्यात, पण ज्या न्यूयॉर्कला आपले नातेवाईक फिरायला येतात त्यापासून गाडीने चार तास लांब. इथल्या ओनोंडागा तळ्यात कारखान्यांनी वर्षानुवर्षं सोडलेला पारा हा माझ्या पोस्टडॉकचा विषय. २०१२ ते २०१४ या काळात तळ्यातला गाळ यंत्रांनी उपसला. जे उरलं त्याचं काय होतं आहे ते आम्ही मोजतो. गाव बर्फासाठी प्रसिद्ध आहे. ते आणखीही एका गोष्टीसाठी ओळखलं जातं, हे मला इथे आल्यावर कळलं. फ्रँक लॉबाख नावाच्या मिशनऱ्याने फिलिपाइन्समध्ये मारानाओ लोकांना लिहायला-वाचायला शिकवताना 'प्रत्येकाने एकाला शिकवावं' ही पद्धत बसवली, पुढे तो आपल्याकडेही येऊन गेला, आणि १९५५ मध्ये त्याने आपली साक्षरता संस्था इथे काढली. १९६२ मध्ये याच गावातल्या रूथ कॉल्व्हिन या बाईंनी आपल्या शहरात निरक्षर किती आहेत ते जनगणनेत वाचलं आणि शेजारपाजारच्या बायकांना गोळा करून स्वयंसेवक शिक्षक तयार करायला घेतले. २००२ मध्ये या दोन्ही संस्था एक झाल्या. त्यामुळे असेल, पण या गावात संध्याकाळी वाचनालयात बसून परक्या माणसाला इंग्रजी शिकवणं ही फार जगावेगळी गोष्ट मानली जात नाही.

मी गेले ते थोडं एकटेपणामुळे. आणि खरं सांगायचं तर थोडं अहंकारामुळेही. आयुष्यभर माझं इंग्रजी दुसऱ्यांनी तपासलं. आजोबांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पुढ्यात ठेवून तपासलं, शाळेत बाईंनी लाल शाईने तपासलं, इथे जर्नलच्या परीक्षकांनी 'कृपया इंग्रजी मातृभाषा असलेल्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे' असं लिहून तपासलं. एकदा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून पाहावं असं वाटलं होतं.

पण बसायला लगेच मिळालं नाही. शिकवण्याआधी सहा वर्ग मागे बसून पाहायचे, बोलायचं नाही, वही घेऊन यायची, असा नियम होता. मला तो जरासा अपमानच वाटला. पण निरीक्षण करणं हे तर माझं पोट भरण्याचं साधन, तेव्हा वही घेऊन गेले.

पहिले तीन बुधवार एका निवृत्त नर्सबाईंच्या टेबलामागे बसले. त्या कुणाची चूक दाखवतच नसत. शिकणारा म्हणे, "आय गो डॉक्टर यस्टरडे." बाई म्हणत, "ओह, यू वेंट टू द डॉक्टर! व्हॉट डिड ही से?" योग्य वाक्य त्यांच्या उत्तरातून अलगद समोरच्याच्या कानावर पडे, कुणाचा चेहरा पडत नसे. मी वहीत 'माया' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. पुढचे तीन बुधवार पोस्टातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या मागे. हे प्रत्येक वाक्याला थांबवत. मधेच हात वर. "पुन्हा म्हण." पुन्हा. "'द' कुठे गेला?" पन्नाशीचा माणूस शाळेतल्या पोरासारखा खाली मान घालून 'द' शोधतो आहे हे मला बघवेना. मराठीत 'द' नाही, नेपाळीत नाही, मलाही अजून तो नेमका कुठे लावायचा ते कळत नाही. कानाला बरं वाटलं की लावते. वहीत मी लिहिलं, 'छळ'.

मग पाचव्या बुधवारी कॉफीच्या वेळी काँगोहून आलेल्या एका बाईंशी बोलणं झालं. त्या नर्सबाईंच्या टेबलावर बसत आणि पोस्टवाल्यांच्या टेबलावर जागा कधी होते याची वाट पाहत होत्या. मी चकित होऊन विचारलं, का? त्या म्हणाल्या, "ती खूप चांगली आहे. तिला माझं सगळं समजतं. बाहेर कुणालाच समजत नाही."

ते ऐकून मी एकदम दुसऱ्या टोकाला गेले. चूक न दाखवणं ही माया नसून, समोरच्याकडून काही अपेक्षाच न ठेवण्याचा तो एक गोड प्रकार आहे, असं माझं मत झालं. मोठ्या माणसाला मोठं माणूस मानायचं तर त्याला स्पष्ट सांगावं. हे मत आजही मी पूर्ण सोडलेलं नाही. पण ज्या ओळी मी वहीत लिहिल्या त्या आज वाचल्या की लाज वाटते. पोस्टवाल्यांनी काय काय दुरुस्त केलं याची मी रकाने पाडून यादी केली होती: काळ इतक्या वेळा, शब्दयोगी अव्यय इतक्या वेळा. आणि समासात दोन-तीनदा बारीक अक्षरात: 'मधे फालतू प्रश्न विचारतात, वेळ जातो.' ते प्रश्न कोणते होते हे लिहून ठेवावं असं मला वाटलं नव्हतं.

सातव्या बुधवारपासून मला माझं टेबल मिळालं. तीन जण. त्यातले एक भूतानहून आलेले नेपाळी भाषक, पंचावन्नच्या आसपासचे. त्यांना मी दाइ म्हणते, म्हणजे दादा. ते मला बहिनी म्हणतात. भूतानच्या दक्षिण भागातल्या नेपाळी भाषक लोकांना १९९० च्या आसपास देश सोडावा लागला हे कदाचित तुम्ही वाचलं असेल. पूर्व नेपाळमध्ये झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत त्यांची पुढची जवळजवळ दोन दशकं गेली, आणि २००८ पासून एक लाखाहून जास्त लोक परदेशांत हलवले गेले, त्यातले बहुतेक अमेरिकेत. सिराक्यूजच्या उत्तर भागात त्यांची वस्ती आहे, किराण्याची दुकानं आहेत. मला हिंग आणि गावठी कोथिंबीर तिथेच मिळते. दाइ विशीत छावणीत शिरले आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर बाहेर पडले. इथे ते एका मोठ्या स्वयंपाकघरात भांडी धुण्याच्या विभागात काम करतात.

पहिल्या दिवशी त्यांनी वही उघडली आणि मला भरून आलं. इंग्रजी शब्द, पण लिहिलेले देवनागरीत. 'वेन्स्डे'. 'आइ वर्क नाइट सिफ्ट'. मी ते मोठ्याने, न अडखळता वाचलं तेव्हा दाइ माझ्याकडे बघतच राहिले. तोवर त्यांची वही त्या इमारतीत कुणालाही वाचता आलेली नव्हती.

आता मुद्द्यावर येते. एका बुधवारी 'गेल्या आठवड्यात काय झालं' यावर बोलणं चाललं होतं. दाइ म्हणाले, "कप ब्रोक फ्रॉम माय हँड." घरी नातीचा आवडता कप फुटला होता. मी पोस्टवाल्यांसारखा हात वर केला. "इंग्रजीत असं नाही म्हणत, दाइ. 'आय ब्रोक द कप.' पुन्हा म्हणा." त्यांनी म्हटलं. वहीत लिहिलं. जरा थांबून विचारलं, "पण मी मुद्दाम नाही फोडला, बहिनी." मी म्हटलं, "इंग्रजीत मुद्दाम असो नसो, असंच म्हणतात."

मी एवढ्या ठामपणे का बोलले, ते सांगायला हवं, कारण माझ्या मते चुकीची मुळं तिथे आहेत. इथल्या प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी माझ्याकडून गाळाच्या नमुन्यांचा एक आख्खा ट्रे खराब झाला होता. फ्रीझरचं दार नीट लागलं नव्हतं. मीटिंगमध्ये मी म्हणाले, "द सॅम्पल्स गॉट स्पॉइल्ड." माझे प्रोफेसर शांतपणे म्हणाले, "गॉट स्पॉइल्ड बाय हूम?" मी मान खाली घालून 'आय' म्हणाले. ते म्हणाले, "थँक यू," आणि मीटिंग पुढे सरकली. त्या रात्री मला वाटलं, आपल्या भाषेला लपायची सवय आहे. 'चूक झाली', 'राहून गेलं', 'उशीर झाला'. सरकारी चौकशीपासून नवरा-बायकोच्या भांडणापर्यंत सगळीकडे गोष्टी आपोआप घडतात, करणारा कुणी नसतोच. इंग्रजी मात्र माणसाला उभं करून विचारते, कुणी केलं? मला ते प्रामाणिक वाटलं. तेव्हा दाइंचं वाक्य दुरुस्त करताना मी नुसतं व्याकरण शिकवत नव्हते. मला जे नैतिक शिक्षण मिळालं असं वाटत होतं, तेच मी पुढे वाटत होते.

तीनेक आठवड्यांनी दाइ आले ते गप्प होते. कामावर ओल्या फरशीवर त्यांची ट्रॉली कलंडली आणि काचेच्या ग्लासांचे दोन क्रेट फुटले. अशा वेळी तिथे एक इन्सिडंट रिपोर्ट भरावा लागतो. आजवर तो त्यांची मुलगी फोनवर सांगे आणि दुसरं कुणी भरे. या खेपेला दाइंनी स्वतः भरला. 'काय झालं?' या रकान्यात त्यांनी एक स्वच्छ, शुद्ध वाक्य लिहिलं होतं: 'आय ब्रोक द ग्लासेस.' त्यावर त्यांना लेखी वॉर्निंग मिळाली. त्यांनी मला कागदाचा फोटो दाखवला आणि विचारलं, "बहिनी, इंग्रजी बरोबर आहे ना?"

इंग्रजी बरोबर होतं.

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला काय बोलावं सुचेना. मी पोस्टवाल्यांच्या टेबलाशी गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला विचारलं, "फॉर्म कोण वाचणार होतं, हे तू त्याला विचारलं होतंस?" मी म्हटलं, तेव्हा फॉर्म नव्हताच, घरचा कप होता. ते म्हणाले, "मग कप कुणाला सांगायचा होता?" आणि माझ्या लक्षात आलं की हाच तो फालतू प्रश्न. दुरुस्त करायच्या आधी ते दर वेळी हेच विचारत: हे तू कुणाला सांगतो आहेस? हे कोण वाचणार? उत्तर मिळाल्यावरच त्यांचा हात वर जाई. घरमालकाला लिहायच्या चिठ्ठीतला 'द' ते सोडत नसत. बहिणीला पाठवायच्या मेसेजमधला सोडून देत. तीन आठवडे मी हात वर जाताना पाहत होते, त्याच्या आधीचा क्षण पाहिलाच नाही. प्रयोगशाळेत कुणी विद्यार्थ्याने असं निरीक्षण केलं असतं तर मी त्याला परत पाठवलं असतं.

यानंतर मी माझ्या स्वभावाप्रमाणे वाचायला घेतलं. मानसशास्त्रात यावर काम झालेलं आहे. कॅटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की यांनी २०१० मध्ये एक अभ्यास छापला. लोकांना एकाच अपघाताची दोन वर्णनं वाचायला दिली, एकात 'त्याने केलं' असा थाट, दुसऱ्यात 'ते झालं' असा. बाकी तपशील सारखेच. ज्यांनी पहिलं वर्णन वाचलं त्यांनी त्या माणसाला जास्त दोष दिला आणि त्याच्याकडून जास्त नुकसानभरपाई घ्यावी असं सांगितलं. घटनेचा व्हिडिओ दाखवला तरी फरक राहिला. म्हणजे इंग्रजी बोलणारा 'आय ब्रोक' सहज बोलून जातो हे खरं, पण ऐकणारा ते सहज सोडून देतो असं नाही.

आपल्याकडच्या व्याकरणाने मला याहून जास्त खोलात नेलं. पाणिनीने कर्ता कोण हे एका शब्दात सांगितलं आहे: स्वतंत्र असतो तो. क्रियेला हातभार लावणारे बाकी पुष्कळ असतात, साधन असतं, जागा असते. त्या सगळ्यांत जो स्वतंत्र, तो कर्ता. आणि 'हातून' मधला 'ऊन' प्रत्यय पंचमीचा, जो 'घरातून', 'गावाहून' यांत असतो. नेपाळीतलं 'हातबाट' नेमकं तसंच. हात ही एक जागा, तिथून ती घटना निघाली. आता रात्रपाळीच्या सातव्या तासाला, ओल्या फरशीवर, दुसऱ्याने भरलेली ट्रॉली ढकलणाऱ्या माणसाला पाणिनीचा शब्द लावून बघा. फरशी पुसायची की नाही हे त्याने ठरवलेलं नाही. किती क्रेट लादायचे हेही नाही. दाइंचं 'फ्रॉम माय हँड' हे मोडकं इंग्रजी होतं, पण जे घडलं ते त्यात जास्त अचूक आलं होतं. आणि मला सर्वात जास्त खुपतं ते हे, की त्या सबंध वाचनालयात त्या वाक्याचा अर्थ मुळापासून समजणारी मी एकटीच होते. नर्सबाईंना तो कळला नसता. पोस्टवाल्यांनाही नाही. मला कळला होता, आणि मीच तो पुसला.

आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग काय, खोटं लिहायला शिकवायचं होतंस?" तुमच्याही मनात हे आलं असेल. प्रश्न सोपा नाही. ग्लास दाइंच्याच ट्रॉलीवरचे होते. आपली चूक आपण म्हणणं हा गुण आहे, आणि 'झालं' च्या आड लपणारे लोक मी पाहिले आहेत, मी स्वतः लपलेली आहे. पण माझ्या 'आय' ला प्रयोगशाळेत 'थँक यू' मिळालं. माझा करार शाबूत होता, प्रोफेसर मला ओळखत होते, त्या एका शब्दाने मी त्यांच्या नजरेत वरच गेले. दाइंच्या 'आय' ला लेखी वॉर्निंग मिळाली. शब्द एकच, किंमत वेगळी. कबुली देणं हे ज्याला परवडतं त्याने, ज्याला परवडत नाही त्याला प्रामाणिकपणाचा धडा म्हणून ते शिकवावं का? आणि शिकवताना किंमत न सांगता शिकवावं का? दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर नक्की आहे. पहिल्याचं नाही.

कारण याच्या उलट बाजूला तेवढाच मोठा खड्डा आहे. 'हे वाक्य दाइंना धोक्याचं आहे, तेव्हा शिकवूच नये' असं मी ठरवलं, तर मी पुन्हा त्या गोड प्रकारात गेले. मग त्यांच्या वतीने मी ठरवणार, त्यांनी किती इंग्रजी जाणावं ते. पतंजलीच्या महाभाष्यात एक मजेदार निरीक्षण आहे. घडा हवा असला तर माणूस कुंभाराकडे जातो आणि घडा कर म्हणतो. पण बोलायचं असलं म्हणून कुणी वैयाकरणाच्या घरी जाऊन मला शब्द करून दे म्हणत नाही. शब्द माणसाकडे आधीच असतात. मी मात्र स्वतःला कुंभार समजत होते.

पुढच्या बुधवारी मी दाइंची माफी मागितली. काय म्हणाले ते सांगते: "मैले गल्ती गरें." नेपाळीत, करणारी मी, आडपडदा न ठेवता. आधीपासून घोकून गेले होते. दाइ हसले आणि म्हणाले, उच्चार हिंदीसारखा आहे. मग मी त्यांना इंग्रजीत कप फुटण्याच्या सगळ्या तऱ्हा फळ्यावर लिहून दिल्या. 'मी फोडला', 'फुटला', 'माझ्या हातातून निसटून फुटला', 'फरशी ओली होती, ट्रॉली घसरली, ग्लास फुटले'. प्रत्येकापुढे, ऐकणाऱ्याला काय वाटेल ते. दाइंनी सगळं देवनागरीत उतरवून घेतलं. पहिल्या वाक्यावर फुली मारतील असं मला वाटलं होतं. मारली नाही. "हे नातीला सांगायला ठीक आहे," म्हणाले. "कप तर मीच फोडला ना."

वॉर्निंगवर आपलं म्हणणं लेखी देता येतं, हे त्यांच्या मुलीने शोधून काढलं. मी लिहून देते म्हटलं, माझ्या विद्यापीठाच्या पत्त्यावरून, जरा वजन पडेल. दाइ नको म्हणाले. त्यांनी स्वतः लिहिलं, पाच ओळी. फरशी, नाली तुंबलेली, ट्रॉलीचं एक चाक अडकणारं, रात्रीचे किती वाजले होते. वॉर्निंग मागे घेतली गेली नाही. पण नालीपाशी आता रबराची चटई आली आहे, असं त्यांच्याकडूनच कळलं.

तो कागद पाठवायच्या आधी त्यांनी माझ्यापुढे सरकवला होता. चौथ्या ओळीत 'ऑन वेट फ्लोर' असं होतं, 'द' नव्हता. माझा हात वर गेला, मग खाली आणला.

"दाइ, हे कोण वाचणार?"

"सुपरवायझर. मग ऑफिस."

"इथे एक 'द' लागतो. घालू?"

त्यांनी कागद स्वतःकडे ओढून घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "कुठे?"